सभेत बटण दाबून तक्ता हलत नाही, आणि हलला तरी कुणी बघत नाही: दर हंगामात येणारी अडचण

ही अडचण दर हंगामात त्याच रूपात परत येते, म्हणून आधी ती नीट मांडतो. प्रेझेंटेशन घरी झकास चालतं. बटण दाबलं की आलेख बदलतो, जिल्हा निवडला की आकडे बदलतात. सभेच्या ठिकाणी मात्र बटण दाबून काहीच होत नाही, किंवा भलतीच स्लाइड उघडते. कधी सगळं बिनचूक चालतं, आणि समोरची साठ माणसं चहा कधी येतो याची वाट बघत असतात.

मी लातूर भागातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी आणि काही छोट्या डाळमिलसाठी प्रेझेंटेशन तयार करतो. समोर बसणारे तीन प्रकारचे असतात: वार्षिक सभेतले सभासद शेतकरी, माल घेणाऱ्या कंपन्यांचे खरेदी अधिकारी आणि बँकेचे लोक. तिन्हीकडे हे झालंय. पहिली दोन वर्षं मी फक्त तांत्रिक बाजू दुरुस्त करत राहिलो. ती दुरुस्ती लागतेच, म्हणून आधी तीच घेतो. पण अडचण खऱ्या अर्थानं सुटली ती दुसऱ्याच जागी.

बटण दाबून काहीच होत नाही

माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा निघालेलं कारण म्हणजे एक्सेलचा स्लायसर, म्हणजे दाबलं की हवे तेवढेच आकडे गाळून दाखवणारी बटणांची पट्टी. एक्सेलमध्ये पिव्होट चार्ट (निवडीप्रमाणे बदलणारा आलेख) केला, त्याला तालुका निवडायचा स्लायसर लावला, आणि दोन्ही उचलून स्लाइडवर चिकटवले. दिसायला हुबेहूब तसंच दिसतं. पण स्लाइड शो सुरू झाला की तो स्लायसर काम करत नाही, तिथं ते नुसतं चित्र असतं. काहीजण पॉवरपॉइंट काढून पुन्हा टाकत बसतात. त्याचा उपयोग नाही, कारण काही बिघडलेलंच नसतं.

पर्याय थोडे असतील, चार-पाच, तर प्रत्येक पर्यायाची वेगळी स्लाइड करा. सगळ्या स्लाइड्सवर तीच बटणं अगदी त्याच जागी ठेवा आणि प्रत्येक बटणाला आपापल्या स्लाइडची हायपरलिंक द्या. बघणाऱ्याला एकच आलेख बदलतोय असं वाटतं. मॉर्फ ट्रान्झिशन लावलं तर खांब डोळ्यांसमोर वाढताना, घटताना दिसतो. मात्र चार्ट म्हणून घातलेले खांब मॉर्फमध्ये वाढत नाहीत, ते विरघळून बदलतात. म्हणून मी साधे आयत काढतो आणि निवड पट्टीत ('सिलेक्शन पेन') दोन्ही स्लाइड्सवर त्यांना एकच नाव देतो, नावाच्या आधी दोन उद्गारचिन्हं लावून. मग पॉवरपॉइंटला कळतं की हा आयत तोच. पर्याय सात-आठच्या वर गेले, किंवा समोरचा कुठलाही आकडा सांगू शकतो अशी परिस्थिती असली, तर स्लाइडचा नाद सोडून सरळ ऑल्ट-टॅब करून एक्सेलवर जावं.

यातही एक खोडा आहे. लॅपटॉप प्रोजेक्टरला 'एक्स्टेंड' पद्धतीनं जोडलेला असला तर ऑल्ट-टॅबनं एक्सेल तुमच्या लॅपटॉपवर उघडतं, आणि पडद्यावर जुनी स्लाइडच दिसत राहते. तुम्ही बोलताय एक्सेलवर, लोक बघतायत तिसरंच. सुरुवातीलाच विंडोज-पी दाबून 'डुप्लिकेट' निवडा. तुमच्या टिपा दाखवणारी प्रेझेंटर खिडकी मग हाताशी राहत नाही, पण टिपा कागदावर घेता येतात.

दुसरं कारण तुटलेली लिंक. चार्ट एक्सेल फाइलशी जोडून चिकटवला असेल तर पॉवरपॉइंट त्या फाइलचा ठावठिकाणा लक्षात ठेवतो. पेन ड्राइव्हवर फक्त प्रेझेंटेशन घेतलं, एक्सेल घरीच राहिली, की चार्ट दिसतो पण आकडे ताजे होत नाहीत आणि 'एडिट डेटा' चालत नाही. यावर बहुतेक जण 'एम्बेड' करतात, म्हणजे वर्कबुकच प्रेझेंटेशनच्या पोटात घालतात. हा उपाय चालतो, पण इथं मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एम्बेड केल्यावर फक्त तो चार्ट जात नाही, अख्खी वर्कबुक जाते, सगळ्या शीटसकट. एका खरेदीदाराला पाठवलेल्या फाइलमध्ये दुसऱ्या खरेदीदाराचे दर असलेली शीट गेली. चार्टवर उजवं बटण दाबून 'एडिट डेटा' म्हटलं की ती समोर. त्या हंगामात तो सौदा आमच्या हातून गेला आणि कंपनीच्या संचालकांना मी काय सांगितलं ते मलाच माहीत. तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या प्रेझेंटेशनसाठी मी वेगळी छोटी एक्सेल करतो. तिच्यात फक्त त्या चार्टला लागणारे आकडे ठेवतो, आणि तीच एम्बेड करतो.

भलतीच स्लाइड उघडते

बटणाच्या जरा बाजूला क्लिक पडली की पॉवरपॉइंट पुढच्या स्लाइडवर जातो. बटणांच्या स्लाइड्सवर 'ट्रान्झिशन्स' मध्ये जाऊन 'ऑन माउस क्लिक' ची खूण काढा. एवढ्यानं माउस शांत होतो, पण कीबोर्डचे बाण आणि हातातला रिमोट तरीही स्लाइड पुढं नेतात, हे लक्षात असू द्या. ते पूर्ण थांबवायचं तर 'किऑस्क' पद्धत आहे, तिथं फक्त बटणंच चालतात. पण किऑस्कमध्ये पाच मिनिटं कुणी काही दाबलं नाही तर प्रेझेंटेशन आपोआप पहिल्या स्लाइडवर जातं. प्रदर्शनातल्या स्टॉलवर ते सोयीचं असतं. सभेत चर्चा रंगलेली असताना पडद्यावर अचानक कंपनीचा लोगो येणं बरं नव्हे. म्हणून सभेसाठी मी किऑस्क वापरत नाही. अडलं तर स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर दाबतो, ती स्लाइड लगेच येते. महत्त्वाच्या चार नंबरांची चिठ्ठी लॅपटॉपच्या कडेला चिकटवलेली असते.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेलं मराठी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर अगम्य होतं, युनिकोड वापरा. फाइल गुगल स्लाइड्समध्ये उघडली तर ट्रिगर (ठरावीक वस्तूवर क्लिक केल्यावरच सुरू होणारं अॅनिमेशन) आणि मॉर्फ दोन्ही जातात. जुन्या पॉवरपॉइंटमध्ये मॉर्फच्या जागी साधं फेड दिसतं, तेवढं चालून जातं. इंटरनेटवरून चालणारं काहीही, मग तो पॉवर बीआयचा डॅशबोर्ड असो की मोबाइलवरून मत घेणारं मेंटीमीटर, गावातल्या सभागृहात भरवशाचं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज दारापाशीच संपते. डॅशबोर्डचं चित्र स्लाइडवर आधीच घेऊन ठेवा.

अक्षरांच्या आकाराची एक घरगुती चाचणी आहे. बाजार समितीच्या हॉलमध्ये सहा फुटी रुंद पडदा आणि शेवटची रांग चाळीस फुटांवर असेल, तर तेरा इंच रुंद लॅपटॉप स्क्रीनपासून सात फूट लांब उभं राहून बघा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला एवढंच दिसणार आहे. बटणावरचं अक्षर तिथून वाचता येत नसेल तर ते बटण फक्त तुमच्यासाठी आहे.

सगळं चालतं, पण कुणी बघत नाही

वरचं सगळं दुरुस्त केल्यावर एका वार्षिक सभेत माझं प्रेझेंटेशन पहिल्यांदा एकही चूक न होता चाललं. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचा नकाशा केला होता. परभणीवर क्लिक केली की परभणीचा पाऊस, नांदेडवर केली की नांदेडची आवक. चौदा ठिकाणी क्लिक करता येत होतं. मी एकेक जिल्हा उघडून दाखवला. टाळ्याही पडल्या.

सभा संपल्यावर एक वयस्कर सभासद जवळ आले. म्हणाले, "सर, चांगलं केलंव. पण आमच्या कट्ट्याला घट का लावली, ते कुठं होतं त्यात?"

ते त्यात नव्हतं. सोयाबीनच्या ओलाव्यावरून कापलेलं वजन हा त्या हंगामातला सगळ्यांच्या डोक्यातला विषय होता. कंपनीच्या संकलन केंद्रावरचं ओलावा मोजायचं मॉइश्चर मशीन एक आकडा दाखवी, मोंढ्यातलं, म्हणजे बाजारातलं, दुसरा. माणसं सभेला आली होती ती त्यासाठी. आणि मी त्यांना हिंगोलीचा पाऊस दाखवत होतो.

तेव्हा लक्षात आलं की माझ्या चौदाही क्लिक मीच ठरवलेल्या प्रश्नांच्या होत्या, आणि माउसही माझ्याच हातात होता. समोरच्याच्या दृष्टीनं तो हलता नकाशा आणि छापील नकाशा यात फरक नव्हता. दोन्हीकडे त्याला फक्त बघायचंच होतं. आलेख हलतोय म्हणून माणूस गुंतत नाही. त्याच्या मनातला प्रश्न त्याला स्वतःला त्या आलेखाला विचारता आला, तर गुंततो.

म्हणून आता तपासणी इथूनच सुरू करतो. प्रत्येक बटणासमोर कागदावर लिहायचं: हे कुणी विचारलंय, आणि कोणत्या शब्दांत. नाव लिहिता आलं नाही तर बटण काढायचं. चौदाची दोन उरली.

प्रश्न गोळा करायला सभेच्या तीन दिवस आधी पाच फोन करतो. अध्यक्षांना नाही. संकलन केंद्रावर काट्यापाशी उभ्या असणाऱ्या पोराला करतो, कारण सगळ्या तक्रारी आधी त्याच्या कानावर जातात. दोन गावच्या गटप्रमुखांना, बचत गटातल्या एका ताईंना, आणि गेल्या वर्षी माल बाहेर विकलेल्या एका सभासदाला. हा शेवटचा फोन सगळ्यात कामाचा ठरतो. जे शब्द ते वापरतात तेच स्लाइडचं शीर्षक होतं. आधी मी 'ओलाव्यानुसार वजन समायोजन' असं लिहीत असे. आता तिथं 'माझ्या मालाला घट किती बसंल?' असं आहे.

घटीचा तक्ता कसा केला

सोयाबीनसाठी १२ टक्के ओलावा आधार धरतात. माल १५ टक्क्यांचा आला तर १०० किलोत कोरडा भाग ८५ किलो. तोच ८५ किलो १२ टक्क्यांच्या मालात बसवायचा तर ८५ भागिले ०.८८, म्हणजे ९६.५९ किलो. घट ३.४१ किलो. १८ टक्क्यांना ती ६.८२ होते. म्हणजे प्रत्येक जादा टक्क्याला साधारण १.१४ किलो. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावानं एका टक्क्याची किंमत क्विंटलमागं साठ रुपयांच्या आसपास, आणि १५ टक्क्यांच्या मालाला सुमारे १८२ रुपये.

हे एक्सेलच्या एका शीटवर बसवलं. वर एक मोठा पिवळा रकाना, त्यात ओलावा टाकायचा. खाली दोन आडवे पट्टे: काट्यावरचं वजन आणि पैसे मिळणारं वजन. वर्तुळाचे तुकडे मुद्दाम टाळले. माणसाचा डोळा लांबी जेवढी नीट ताडतो तेवढा कोन ताडत नाही, हे क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच प्रयोग करून दाखवलंय, आणि काट्याशी रोज संबंध असणाऱ्या माणसाला पट्टा लगेच कळतो. पिवळ्या रकान्याला 'फॉरमॅट सेल्स' मध्ये जाऊन 'लॉक्ड' ची खूण काढली आणि मग 'रिव्ह्यू' मधून शीट प्रोटेक्ट केली, म्हणजे दुसरीकडे कुठंही बोट पडलं तरी सूत्र मोडत नाही. डेटा व्हॅलिडेशननं ८ ते २५ एवढेच आकडे घेतले जातात. एवढीच तयारी.

सभेत मात्र आकडा लगेच टाकायचा नाही. आधी विचारायचं: १५ चा माल आला तर किती कापायला पाहिजे? हात वर करा, तीन किलो म्हणणारे किती, चार म्हणणारे किती. बहुतेक जण तीन म्हणाले, पंधरा वजा बारा तीन. मग वायरलेस कीबोर्ड मागच्या रांगेतल्या एकाच्या हातात दिला. त्यांनी १५ टाकलं, पट्टा ९६.५९ वर आला. "तीनच्या वर कसं काय?" असा प्रश्न आला आणि त्याचं उत्तर मला द्यावंच लागलं नाही. दुसऱ्या एकानं उठून सांगितलं की वाळलेल्या मालातही बारा टक्के पाणी असतंच, ते धरायचं राहिलं. त्यानंतर लोक खिशातून पावत्या काढून आपापला आकडा टाकायला उठले. दहा मिनिटांसाठी ठेवलेली स्लाइड पाऊण तास चालली.

इथं दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, अध्यक्षांशी आधी बोलून ठेवायचं की पहिलं उत्तर तुम्ही द्यायचं नाही. ते बोलले की पुढचा बोलत नाही, हे आपल्याकडे कुठल्याही गावात होतं. माइकही मागून पुढं फिरवायचा. बायका मागं बसतात, आणि माइक पुढून निघाला तर त्यांच्यापर्यंत पोचेस्तोवर वेळ संपतो. दुसरी गोष्ट जड आहे. लोकांच्या हातात हिशोब दिला की ते कंपनीचाही हिशोब तपासतात. एकाच्या पावतीवर १५ टक्क्यांना चार किलो कापलेले निघाले. संचालकांना तिथंच सांगावं लागलं की केंद्रावर पुढच्या पूर्ण किलोत धरलं जात होतं, आणि तिथंच ते बंद करायचं ठरलं. असं उत्तर द्यायची संचालक मंडळाची तयारी नसेल तर हा तक्ता लावूच नये. छापील आकडे वाचून दाखवावेत, ते जास्त प्रामाणिक होईल.

त्याच सभेत माझ्या शीटमधली एक चूकही सापडली. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती, ते लोकांच्या लक्षात होतं. एकानं विचारलं, "आधार बाराच्या ऐवजी पंधरा धरला तर?" मी १२ हा आकडा सूत्रातच घालून ठेवला होता, तो बदलता येईना. आता आधारासाठी वेगळा पिवळा रकाना आहे, आणि सूत्र असं: वजन गुणिले (शंभर वजा ओलावा), भागिले (शंभर वजा आधार). समोरचा वाद घालील असा कुठलाही आकडा सूत्रात पुरून ठेवू नका.

बँकेत

बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर हेच, फक्त छोटं. त्यांना बदलता येणारा एकच आकडा लागतो. आमच्याकडे २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं उभी पिकं पाण्यात गेली. त्यामुळे लातूरला कर्ज देणाऱ्याच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो: माल कमी आला तर हप्ता निघेल का? पूर्वी मी ही स्लाइड शेवटी ठेवत असे, आणि तोवर साहेबांचा फोन वाजलेला असे.

आता दुसरीच स्लाइड ती असते. समजा ग्रेडिंग युनिटचा (मालाची प्रतवारी करणाऱ्या यंत्रांचा) हप्ता, पगार, विजेचा किमान आकार मिळून वर्षाला १८ लाख बसतात आणि क्विंटलमागं १२० रुपये सुटतात. तर १५,००० क्विंटलला खर्च भागतो. पडद्यावर २०,००० क्विंटल दाखवायचे, सहा लाख शिल्लक, आणि विचारायचं: साहेब, तुम्ही किती धरता? ते १२,००० म्हणतात. टाकायचं. पट्टा लाल होतो, ३ लाख ६० हजारांची तूट. ही तूट आपणहून दाखवायला संचालक घाबरतात. पण ती त्यांच्याच आकड्यानं निघालेली असते, त्यामुळे पुढचं बोलणं तूट कशी भरणार यावर येतं. तिथं हळदीचं किंवा तुरीचं काम घेता येतं का, भाड्यानं ग्रेडिंग करून देता येतं का, हे मांडायला जागा मिळते. लाल-हिरव्यावर मात्र विसंबू नका, हे दोन रंग वेगळे न दिसणारी माणसं असतात. पट्ट्यावर 'तूट' आणि 'शिल्लक' असे शब्दही लिहा.

खरेदीदारांकडे मला एवढं करावं लागलं नाही. त्यांना लॉट नंबर निवडला की त्याचा ओलावा, काडीकचरा आणि डागी दाणे दिसले की पुरतं.

दोनशेच्या वर लोक असतील तिथं कीबोर्ड फिरवणं जमत नाही. मोबाइलवरून मतं घ्यायचा नाद मी सोडला आहे, हात वर करून मोजणीच बरी पडते. आणि वीज गेली तर लॅपटॉप चालू राहतो पण प्रोजेक्टर जातो. त्यासाठी घटीचा तक्ता ८ ते २५ टक्क्यांपर्यंत मोठ्या अक्षरात फ्लेक्सवर छापून घेतलाय. तो भिंतीला लावला की लोक बोट ठेवून आपली ओळ शोधतात. सभेनंतर तो फ्लेक्स केंद्रावर काट्याशेजारी लावायला मागितला गेला, आणि आता तिथंच आहे.

पुढच्या सभेआधी शीटवर तुरीची सोय करायची आहे, कारण मागच्या रांगेतल्या एका ताईंनी जाता जाता विचारलं होतं, "सोयाबीनचं कळलं, पण तुरीला आधार किती धरता?"